कोकणात गाडीतच मुक्काम करताय? डास, चिलटं, गोचीड यांच्यासाठी अशी तयारी करा

आमचा गाडीतला पहिला मुक्काम नोव्हेंबरात आचऱ्याच्या खाडीकाठी झाला. संध्याकाळी पाचला पोचलो तेव्हा समुद्रावरून छान वारा येत होता. दोन्ही दारं सताड उघडी टाकली आणि चहा ठेवला. सूर्य बुडाला, वारा पडला आणि पंधरा मिनिटांत मुलगी पाय खाजवत रडायला लागली. डास तर एकही दिसत नव्हता. जाळ्या लावल्या, दिवे मालवले, तरी आम्ही तिघंही रात्रभर जागे. सकाळी पाहिलं तर तिच्या घोट्यांपासून गुडघ्यांपर्यंत लाल पुटकुळ्याच पुटकुळ्या. शेजारच्या घरातल्या आजींनी तिचे पाय बघितले आणि एवढंच म्हणाल्या, "वारो पडलो की हयसर बसू नकात."

त्यानंतर चार वर्षं आम्ही सिंधुदुर्ग, गोवा आणि घाटमाथा याच गाडीने फिरतोय. राज्याचं कॅराव्हॅन धोरण २०२१ मध्ये आलं. आता कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन पहिल्यांदाच बाहेर पडणारी कुटुंबं आम्हाला वाटेत भेटतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "तुम्ही डासांसाठी कुठलं क्रीम लावता?" क्रीम लागतंच. पण रात्रीची झोप त्याहून जास्त अवलंबून असते ती गाडी कुठे लावली आणि दार कधी उघडलं यावर. म्हणून सुरुवात तिथून करते. मुलांना घेऊन निघणार असाल तर गोचिडांचा भाग मात्र न चुकता वाचा.

१. चावतंय कोण, ते आधी ओळखा

डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. मलेरियाचा ॲनोफिलिस आणि घराघरातला क्युलेक्स संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. म्हणजे "डास रात्रीच येतात" असं धरून दुपारी उघड्या पायांनी झाडाखाली झोपणं ही चूकच.

किनाऱ्यावर आणि खाडीकाठी जे न दिसता चावतं, त्याला पर्यटक सँडफ्लाय म्हणतात. बहुतेक वेळा ती एक ते तीन मिलिमीटरची चावरी चिलटं असतात. खारफुटीच्या चिखलात, ओल्या वाळूत, कुजणाऱ्या पाल्यात ती वाढतात. डासाचा चावा एक-दोन दिवसांत विसरायला होतो, चिलटांचा आठवडाभर खाजतो.

गोठ्याजवळ आणि गुरं चरतात तिथे गोमाश्या. रानात गोचीड. पावसाळ्यात घाटावर जळवा. गोचीड आणि जळू हे कीटक नव्हेत, पण रक्त पितात आणि प्रवासाची तयारी सगळ्यांची एकदमच करावी लागते.

ऋतूंचा हिशेब ढोबळमानाने असा ठेवा: जून ते सप्टेंबर जळवा आणि डास, ऑक्टोबर-नोव्हेंबर डास आणि चिलटं, डिसेंबर ते मे गोचीड.

२. गाडी लावायची जागा उजेडात ठरवा

दिवसा जमीन तापते म्हणून समुद्रावरून खारा वारा येतो. रात्री जमीन लवकर थंड होते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. या दोन वाऱ्यांच्या मध्ये, सूर्यास्तानंतर, काही वेळ हवा अगदी ठप्प होते. चिलटं फार दुबळी उडणारी असतात. ताशी दहा किलोमीटरच्या वर वारा असेल तर त्यांना बाहेर पडणं जड जातं. माडाच्या झावळ्या हलायच्या थांबल्या की त्यांची वेळ झाली असं समजा. आजींनी सांगितलं ते हेच.

यातली दुसरी गोष्ट कळायला आम्हाला वेळ लागला. मतलई सुरू झाली की बरं वाटतं, पण तो वारा तुमच्या पाठीमागून येतो. पाठीला खारफुटी, भाताचं खाचर किंवा डबकं असेल तर तिथले डास वाऱ्याबरोबर गाडीपर्यंत येतात. त्यामुळे समोरचा समुद्र कितीही सुंदर असला तरी जागा ठरवताना आधी मागे चालत जा आणि दोन-तीनशे मीटरपर्यंत काय आहे ते पाहा.

टाळायच्या जागा:

- खाडीचा चिखल आणि खारफुटीची कड.
- शिपणं चालू असलेल्या माडाच्या बागा. झाडांभोवतीच्या आळ्यांत आणि पडलेल्या करवंट्यांत पाणी साठतं.
- सोडून दिलेल्या चिरेखाणी. जमीन सपाट, गाडीला सोयीची आणि रस्त्याजवळ असते म्हणून मोह होतो. पण खाणीच्या पोटात साठलेलं पाणी महिनोन् महिने तसंच राहतं. आम्ही एकदा फसलो, पहाटे तीनला गाडी हलवली.
- गोठा, उकिरडा, हॉटेलच्या मोरीचं पाणी जिथे सोडलेलं असतं ती मागची बाजू.

आमची आवडती जागा म्हणजे सडा. देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरीकडचे कातळाचे सडे उघडे असतात, वारा अडत नाही आणि दिवाळीनंतर पाणीही आटलेलं असतं. (पावसाळा संपता संपता मात्र कातळावरच्या खळग्यांत पाणी असतं, तेव्हा नाही.) समुद्र दूर राहतो, झोप मिळते. मुलं लहान असतील तर मी डोळे मिटून सडा निवडीन.

जागा खासगी असेल तर मालकाला विचारायचंच असतं. विचारताना "इथे राहू का?" एवढ्यावर थांबू नका, "संध्याकाळी चिलटं असतात का हो?" हेही विचारा. सगळे खरं सांगतात, आणि बऱ्याचदा "त्या वरच्या बाजूला लावा" असं सुचवतातही. राखीव वनात मुक्काम वनखात्याच्या परवानगीशिवाय करायचा नाही.

३. गाडीला जाळी बसवा, पण कुठली?

पहिल्या रात्री आमच्या जाळ्या होत्या, तरी चिलटं आत आली. कारण साध्या मच्छरदाणीची भोकं सव्वा ते दीड मिलिमीटरची असतात. डास अडतो, चिलट सहज घुसतं. यावर उपाय कापडाच्या दुकानात सापडला: ऑर्गंझा. साड्या-ओढण्यांचं ते पारदर्शक कापड इतकं दाट विणलेलं असतं की चिलट त्यातून जात नाही. वारा थोडा अडतो, त्यासाठी पंखा लागतो. आम्ही दोन संच केले आहेत, किनाऱ्यासाठी ऑर्गंझा आणि घाटावर नायलॉनची साधी जाळी.

शिवताना हे करा. खिडकीच्या मापापेक्षा चारी बाजूंनी तीन बोटं जास्त कापड घ्या. खिडक्यांना वेल्क्रो लावा. सरकत्या दाराला मधोमध उघडणारे दोन पडदे करा, एकमेकांवर वीतभर चढतील असे, आणि कडेला चुंबकपट्टी शिवा. खालच्या काठाला साडीला फॉल लावतो तशी पट्टी लावून त्यात बारीक साखळी ओवा. त्याने पडदा वाऱ्यावर उडत नाही, आपल्यामागे आपोआप मिटतो.

मग फटी शोधा. रात्री अंधारात गाडीत मोठी बॅटरी लावून ठेवा आणि बाहेरून गाडीभोवती चक्कर मारा. जिथून उजेड झिरपतो तिथून डास येतो. आमच्या गाडीत तीन जागा निघाल्या: सरकत्या दाराचा खालचा खाचा, छतावरच्या झरोक्याची कड आणि वायर आत घेण्यासाठी पाडलेलं भोक. तिन्ही फोमच्या पट्टीने बुजवल्या.

पंख्यावर पैसे खर्च करा. १२ व्होल्टचा छोटा पंखा गाडीच्या जादा बॅटरीवर रात्रभर चालतो. अंथरुणाच्या पायाकडून डोक्याकडे वारा येईल असा लावा. वाऱ्यात डासाला आणि चिलटाला नीट उतरता येत नाही, शिवाय आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ज्याच्या मागावर डास येतात, तोही पांगतो.

आता सर्वांत महत्त्वाची ताकीद. बंद गाडीत मच्छर अगरबत्ती, कॉइल किंवा कडुनिंबाची धुरी कधीही लावू नका. एवढ्याशा जागेत तो धूर तुमच्या आणि मुलांच्या फुफ्फुसात जातो, जळत्या वस्तूमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि अंथरुणाला आग लागण्याची भीती वेगळीच. इन्व्हर्टरवर लिक्विडचं यंत्र चालवायचं असेल तर झोपण्याआधी अर्धा तास, जाळीमागची खिडकी उघडी ठेवून, आणि झोपताना बंद. विजेची रॅकेट उपयोगी आहे. फक्त गॅसची शेगडी चालू असताना किंवा फवारा मारल्यावर लगेच ती वापरू नका, ठिणगी पडते.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही: डास गाडीतच पैदा होऊ शकतात. सांडपाण्याची बादली, सुट्या टायरचा खळगा, घडीच्या टबातलं उरलेलं पाणी. एडिसला अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक वार ठरवून सगळं ओता आणि घासून कोरडं करा. नुसतं ओतून भागत नाही, अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात.

४. दिवेलागणीचा तास

आमचा क्रम आता ठरलेला आहे. सूर्यास्ताच्या तासभर आधी स्वयंपाक आटोपतो, भांडी बाहेरच घासून होतात. अर्धा तास आधी सगळ्यांना पूर्ण बाह्यांचे सैल, फिकट कपडे आणि मोजे. मग जाळ्या. सूर्य टेकला की आत. मतलई नीट वाहू लागली की हवं तर पुन्हा बाहेर बसायचं.

दार उघडण्याआधी आतला दिवा मालवा. बाहेर पांढऱ्याऐवजी पिवळा दिवा वापरा, त्यावर किडे कमी येतात. मुलांना रात्री लघवीला न्यायचं असेल तर एकाने दार सांभाळायचं. पाच सेकंद उघडं राहिलेलं दार पुढचे दोन तास खातं.

बाहेर बसताना शेणीची किंवा निर्गुडीच्या पाल्याची धुरी करतात, धूर अंगावर असेपर्यंत थोडा फरक पडतो. पण फेब्रुवारी ते मे रानाजवळ नको. वाळलं गवत पेटायला एक ठिणगी पुरते.

५. अंगाला काय लावायचं

बाटलीवरचं चित्र सोडा, घटक वाचा. डीट २० ते ३० टक्के किंवा पिकारिडिन २० टक्के असेल तर काही तास निर्धास्त राहता येतं. आपल्याकडे गल्लोगल्ली मिळणाऱ्या ओडोमॉस क्रीममध्ये डायइथाइल बेंझामाइड १२ टक्के असतं. गावातल्या संध्याकाळीपुरतं ते पुरतं, घाम आला की पुन्हा लावावं लागतं. सिट्रोनेला आणि गवती चहाची तेलं सुवास छान देतात, पण तासाभरात उडून जातात. त्यांच्या भरवशावर रानात जाऊ नका. डास पळवणारी मोबाइल ॲप आणि आवाजाची यंत्रं यांनी काहीही होत नाही, पैसे घालवू नका.

लावायची रीत: आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून हे. कपड्यांच्या आतल्या त्वचेवर नाही, जखमेवर नाही. मुलांच्या तळहातांना नाही, कारण हात तोंडात जातात. दोन महिन्यांखालच्या बाळाला काहीही लावायचं नाही, फक्त जाळी. झोपण्याआधी हातपाय साबणाने धुवा. डीटने प्लॅस्टिक विरघळतं, तेव्हा गॉगल, घड्याळाचा पट्टा, मोबाइलचं कव्हर सांभाळा.

परमेथ्रिनचा कपड्यांवर मारायचा फवारा मिळाला तर बूट, मोजे आणि पँटच्या पायांवर मारून पूर्ण वाळवा. हा त्वचेवर लावायचा नाही. घरात मांजर असेल तर ओल्या कपड्यांपासून तिला लांब ठेवा, मांजरांना तो विषारी असतो.

६. रानात जाणार असाल तर गोचीड

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण पर्यटकांना हे कुणी सांगत नाही. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने आजारी पडली. तोच माकडताप. तो गोचिडीमार्फत पसरतो. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आढळला. काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना त्याची झळ जास्त बसली. डिसेंबर ते मे हा काजूचा, गोचिडींच्या बारीक पिल्लांचा आणि आपल्या सुट्ट्यांचा एकच हंगाम आहे.

म्हणून त्या भागात:

- पँट मोज्यात खोचा. पायवाट सोडून पाल्यापाचोळ्यात शिरू नका, त्यावर बसू नका.
- गाडी बागेच्या पाचोळ्यावर लावू नका, मोकळ्या मातीवर लावा.
- मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, फोटोसाठीसुद्धा. त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपास पसरलेल्या असतात. वनखात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा.
- परत आल्यावर गाडीत चढण्याआधी कपडे बदला, घातलेले पिशवीत बांधा, गरम पाण्याने अंघोळ करा.
- मग एकमेकांना तपासा: गुडघ्याची लवण, काख, जांघ, कानामागे, केसांत, कमरेच्या पट्ट्याखाली. पिल्लू तिळाहून लहान असतं. माझ्या नवऱ्याच्या पाठीवर मला तीळ वाटला होता, त्याला पाय होते.

चिकटलेली गोचीड काढताना बारीक टोकाचा चिमटा घ्या. कातडीला अगदी लागून तिला धरा आणि न पिळता, न हिसकता, सरळ वर सावकाश ओढा. जागा आणि हात साबणाने धुवा. काडेपेटीचा चटका, रॉकेल, चुना, तेल यातलं काहीही करू नका. डिवचली गेली तर ती पोटातलं जखमेत उलटवते. नखांनी चिरडूही नका.

गवतातला दुसरा धोका स्क्रब टायफस नावाचा ताप. चिगर, म्हणजे माइट नावाच्या बारीक जिवाची डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं, चावून तो होतो, विशेषतः पावसाळ्यानंतर. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याचे बरेच रुग्ण आढळले होते. ताडोबा, नागझिऱ्याकडे गाडी नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. चाव्याच्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते, दुखत नाही, म्हणून काखेत किंवा जांघेत असेल तर कळतही नाही. गवतावर चटईशिवाय बसू नका आणि ओले कपडे झुडपांवर वाळत घालू नका. दोरी बांधा.

७. जळवा, मोहोळ, लाल मुंग्या

आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे पावसाळ्यात जळू लागणारच. घाबरू नका. नखाची कड तिच्या तोंडाच्या बाजूने सरकवून पकड सोडवा, मग दुसरं टोक. मीठ किंवा चटका नको. जळूच्या लाळेने रक्त गोठत नाही म्हणून जखम बराच वेळ वाहते. धुऊन, कापड दाबून धरा.

आग्या मोहोळ ही मात्र खरी भीती. किल्ल्याच्या कड्याखाली, उंच झाडाखाली गाडी लावण्याआधी वर पाहा. मोहोळ दिसलं तर तिथे शेकोटी नाही, धूर नाही, अत्तर नाही, ढोलताशा नाही. माश्या उठल्या तर हात न झटकता, तोंड झाकून, गाडीकडे पळा आणि काचा लावा. काटे जितक्या लवकर काढाल तितकं विष कमी जातं. कसे काढता याला महत्त्व नाही.

पानं शिवून झाडावर घरटं करणाऱ्या लाल मुंग्या फांदी गाडीला टेकलेली असेल तर छतावरून आत येतात. फांदीपासून हातभर जागा सोडा.

८. सोबतची पेटी

बारीक टोकाचा चिमटा, साबण, डीट किंवा पिकारिडिन, कॅलामाइन, सेटिरिझिन, पॅरासिटामॉल, एक टक्का हायड्रोकॉर्टिझोन मलम, थर्मामीटर, भिंग, जादा जाळी, सुईदोरा, वेल्क्रो, फोमची पट्टी, बॅटरी, रॅकेट, झाकणाच्या बादल्या. कागदांत प्रत्येकाचं औषधांच्या ॲलर्जीचं टिपण, आरोग्य विम्याचं कार्ड आणि मार्गातल्या आरोग्य केंद्रांची नावं वहीत लिहून. घाटात मोबाइलला रेंज नसते.

९. चावल्यावर आणि परतल्यावर

धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, कॅलामाइन लावा. मुलांची नखं निघण्याआधीच कापा, खाजवून झालेल्या जखमा चाव्यापेक्षा जास्त त्रास देतात. ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, चक्कर आली तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात आणि गोव्यात हाच क्रमांक आहे.

ताप आला तर पॅरासिटामॉलच. डेंग्यूची शक्यता असताना ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. मलेरियाची रक्ततपासणी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते.

घरी आल्यावर गाद्या दिवसभर कडक उन्हात टाका, शिवणी उघडून ढेकूण बघा. मग परतल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि पुढच्या तीन आठवड्यांवर रेघ ओढा. माकडतापाची लक्षणं साधारण तीन ते आठ दिवसांत दिसतात, स्क्रब टायफस आणि मलेरियाला त्याहून जास्त दिवस लागतात. मलेरिया तर कधी कधी महिन्यांनंतरही डोकं वर काढतो. त्या रेघेच्या आत ताप आला तर डॉक्टरांपुढे बसल्यावर लक्षणांच्या आधी हे सांगा: "आम्ही अमुक तारखेला अमुक गावी रानात मुक्कामाला होतो, आणि अंगावर गोचीड सापडली होती."